आप्पांच्या हातचा आकडा

त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरवरच्या शर्यतीत माझ्याइतकी वेगवान आणि माझ्याइतकी नकोशी ड्रायव्हर दुसरी नसेल. ही बढाई नाही आणि विनयही नाही, दोन्ही गोष्टी आकड्यांत लिहिलेल्या होत्या. एका फेरीला मला लागणारा वेळ पाहून लोक मला बोलवायचे आणि माझं सेफ्टी रेटिंग पाहून परत पाठवायचे.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम शिरूर कासारच्या घरात बसून करते. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, असं ते काम. आई म्हणते, पोरीला तिच्या जोगती नोकरी गावली. ऑफिसातल्या एका मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने शर्यतीचं स्टिअरिंग आणि पेडल घराबाहेर काढले, ते मी उचलून आणले. आईच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी टाकली, फळीवर स्टिअरिंग आवळलं आणि खाली पायाच्या जागी पेडल बसवले. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही, पण तिचं मशीन तसंही तीन वर्षं कोपऱ्यात धूळ खात होतं.

न खेळणाऱ्याला वाटतं हा पोरखेळ आहे. पण शर्यतीत पुढे मागे जी गाडी दिसते ती त्या क्षणी कुठेतरी एक खरा माणूस चालवत असतो. कोणी ब्राझीलमध्ये, कोणी फिनलंडमध्ये, कोणी कोइमतूरला. आणि या सगळ्यांच्या वागण्यावर एका आकड्याची नजर असते. चाकं रस्त्याबाहेर गेली की एक दोष, गाडी गरकन फिरली की दोन, दुसऱ्याच्या गाडीला जोरात लागली की चार. चूक कोणाची हे तो बघतच नाही. ठोकणाऱ्याला चार आणि ठोकून घेणाऱ्यालाही चार. शर्यत संपली की दोषांची बेरीज येते आणि त्यावरून तुमचं रेटिंग वर जातं नाहीतर खाली येतं. ते तुमच्या नावापुढे सगळ्यांना दिसतं.

पाचपैकी माझं होतं एक पॉइंट चार. वळणावर थोडी फट दिसली की मी नाक घालायची, मग समोरच्याने बघून घ्यावं. गेवराईच्या हायवेवर रोज हेच चालतं आणि कोणाला काही वाटत नाही. कोणी मला घासून गेला तर माझं डोकंच फिरायचं, शर्यत सोडून मी त्याच्या मागे लागायची. शाळेत कबड्डीच्या संघातून मला भांडणापायी काढलं होतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे.

कोइमतूरचा एक जण भारतातल्या ड्रायव्हरांची टीम बांधत होता. जूनमध्ये सहा तासांची शर्यत होती, एक गाडी आणि ती पाळीपाळीने चालवणारे चौघं. माझी फेरीची वेळ बघून त्याने मला विचारलं, आणि रेटिंग बघून कपाळाला हात लावला. तो हिंदीत म्हणाला, वेग आहे तुझ्याकडे, पण तुझ्या शेजारी गाडी घालायची भीती वाटते. जूनच्या आधी हा आकडा तीनच्या वर आण, जागा तुझी.

मला ती जागा हवी होती. इतकी की जेवताना घास हातात राहायचा. कबड्डीनंतर कोणी मला कशाला निवडलंच नव्हतं. पण आकडा वर न्यायचा म्हणजे भांडायचं नाही, आणि तेच मला जमत नव्हतं. दोन शर्यती नीट व्हायच्या, तिसरीत मी सगळं धुऊन टाकायची. एकदा हरल्यावर मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. आई चुलीपासून म्हणाली, "आगं, खरी गाडी आस्ती तर काय केलं आस्तंस?"

आप्पा, म्हणजे माझे वडील, मार्चअखेर घरी आले. दर वर्षी दिवाळी झाली की ते उसाच्या वाहतुकीला जातात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून फडातून कारखान्यावर ऊस नेतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. घरी आले की पहिले पंधरा दिवस त्यांना हातांचं काय करावं ते कळत नाही. कधी दाराच्या बिजागरीला तेल घाल, कधी पंखा पूस, असं चालू असतं.

एका दुपारी मी शर्यतीत नाव घातलं आणि नेमका ऑफिसचा फोन आला. आतल्या खोलीत जाऊन अर्ध्या तासाने परत येते तर आप्पा स्टिअरिंगवर बसलेले, बनियनवर, मान ताठ. शर्यत चालू होती. मी ओरडणार होते, पण त्यांनी ते केलं जे जगात दुसऱ्या कोणी केलं नसेल. पुढची गाडी फिरून रस्त्याकडेला आडवी झाली आणि आप्पांनी आपली गाडी तिच्या शेजारी नेऊन उभी केली.

"थांबलात कावून, आप्पा?"

"बंद पडलाय बिचारा. येकटा कसकाय निघंल?"

तो फिरलेला माणूस आपला आपला निघून गेला. आप्पांनी स्क्रीनला हात दाखवला आणि मग ते निघाले. शेवटून पहिला नंबर आला. मी हसून हसून बाजेवर आडवी पडले. मग उठून निकाल बघितला तेव्हा हसू थांबलं. एकूण दोष शून्य, आणि माझं रेटिंग वर सरकलेलं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, आप्पा, करमत नसलं तर दुपारची एक शर्यत मारत जा. ते लाजले, पण बसले. त्या तीन आठवड्यांत मी जे बघितलं त्याचं नवल अजून उतरलेलं नाही. माणूस साठीला टेकलेला, उभ्या जन्मात मोटारगाडी चालवलेली नाही, इंग्रजीचं अक्षर वाचता येत नाही. आणि वीस पंचवीस गाड्यांच्या त्या कालव्यात तो असा चालायचा जशी आई भरलेल्या घरातून दुधाचं पातेलं घेऊन चालते. घाई नाही, धक्का नाही, सगळ्यांकडे लक्ष. मागून कोणी तेजीत आलं की दोन वळणं आधीच बाजू मोकळी. नंबर कधी बारावा, कधी चौदावा, पण दोष शून्य.

एक शर्यत तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्याच वळणावर मोठा घोळ झाला. मी मागे उभी होते. सगळं सुरळीत चाललंय असं मला दिसत असताना आप्पांनी अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. मी म्हणणार होते, काय करायलेत, आणि तेवढ्यात पुढच्या दहा बारा गाड्या एकमेकींवर चढल्या. धूर आणि धुळीत काही दिसेना. आप्पा त्यात शिरले आणि पलीकडून निघाले. नंतर मी रिप्ले वरच्या बाजूने लावला. त्यांची गाडी डावीकडे गेली, एका आडव्या गाडीपाशी जवळजवळ थांबली, मागे घरंगळणारी दुसरी गाडी पुढून जाऊ दिली आणि मग दोन गाड्यांमधल्या जागेतून सरळ निघाली. कोणाला बोट लागलं नाही. मी तो रिप्ले अकरा वेळा बघितला. या माणसाला मी पंचवीस वर्षं फक्त ट्रॅक्टरवाला समजत होते.

"तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"ती पिवळी गाडी लई वळवळत व्हती. शेपूट हालायलं की समजायचं, आता हे काय रस्त्यावर राहत न्हाई." मग म्हणाले, "ह्यो मागचा मातर लई चांगला गडी हाय. मला दाबलं न्हाई त्यानं." मागचा माणूस पोर्तुगालचा होता.

ठोकून घेणाऱ्यालाही दोष का, हा माझा जुना राग मी त्यांच्यापुढे काढला तेव्हा ते म्हणाले, "बरुबरच हाय. चूक तुझी नसली म्हनून हाड कमी मोडतं का?"

आकडा दोनच्या पुढे गेला, अडीच झाला, तीन ओलांडला. रात्री जेवताना आम्ही त्याच्यावर बोलायचो. 'आज आकडा किती' हे ऐकून शेजारच्या काकूंना आम्ही मटका लावतो असं वाटलं आणि त्या आईला समजावून गेल्या. आकडा तीन पॉइंट सहा झाला तेव्हा कोइमतूरहून निरोप आला. माझी निवड झाली होती. मी आप्पांना पेढा भरवला. मला एकदासुद्धा वाटलं नाही की मी काही वाईट केलं. आमच्याकडे एक ट्रॅक्टर दोघं जण चालवतात, एक झोपतो तेव्हा दुसरा बसतो. पावतीवर ट्रॅक्टरचा नंबर पडतो, चालवणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. एक खातं, दोन हात, यात चोरी कसली?

टीमचा पहिला कॉल मी स्पीकरवर घेतला. आप्पा बाजेवर बसून चिंचा फोडत होते. कोइमतूरचा तो, म्हणजे आमचा कॅप्टन, बाकी दोघांना हिंदीत सांगत होता की पहिला तास गर्दीचा असतो, सरावात एकमेकांच्या शेजारून जावं लागेल, पण हिची काळजी करू नका. तीन आठवड्यांत हिने कोणाला स्पर्श केलेला नाही, हिच्या बाजूला वीतभर जागा ठेवून डोळे मिटून गाडी घाला.

कॉल संपला. आप्पांनी विचारलं, "काय म्हनला त्यो?"

"कौतुक केलं."

"कुनाचं?"

मी हसले. "तुमचंच की."

ते हसले नाहीत. हातातली चिंच त्यांनी सुपात ठेवली. "म्हंजी ते पोरं त्यो आकडा बघून तुझ्या शेजारी गाडी घालणार?"

"हो."

"आन् चालवणार तू."

"मग काय तुम्ही?"

"त्यो आकडा मपला हाय, पोरी. तुपला न्हाई."

माझं डोकं सटकलं. मी म्हणाले, तुम्ही दोघं दोघं मिळून एक ट्रॅक्टर चालवता, तेव्हा खेप कोणाच्या नावावर पडते? ट्रॅक्टरच्याच ना? मग मला कशाला शहाणपण शिकवता?

"खेप ट्रॅक्टरच्या नावावर पडती, खरं हाय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढत नाही, हेच मला सहन होत नाही. "पर घाटाचा उतार लागायच्या आधी आमी समदे थांबतोत. मागचा इचारतो, आज पुढं कोन हाय? जोडीदार बसला आसंल तर मी सोता खाली उतरून सांगतो, बाबा, आज मी न्हाई, नवा गडी हाय, अंतर ठेव. भरल्या ट्रॉल्या उतारावर थांबत न्हाईत. सांगितल्याबिगर कुनी हात बदलत न्हाई. आन् तू त्या लेकरांला उतारावर घालायलीस, पुढं कोन हाय ते न सांगता."

"गेम आहे तो आप्पा! कोणी मरत नाही त्यात!"

"मंग येवढी रडत कावून व्हतीस त्याच्यासाठी?"

मी दार आपटलं. त्या दिवसापासून आप्पा स्टिअरिंगवर बसले नाहीत. काही हवं असलं तर आईच्या तोंडून निरोप यायचा.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की दाखवूनच देते. तोच आकडा मी माझ्या हातांनी टिकवते, मग कसली फसवणूक? शर्यत चालू झाली आणि मला खरंच अजब अनुभव आला. लोक मला जागा देत होते. कधी नव्हे ते कोणी वाट अडवत नव्हतं, वळणावर माझ्या शेजारी निवांत राहत होते, जणू ओळखीचे आहेत. चौथ्या फेरीत एका निळ्या गाडीने आतली बाजू माझ्यासाठी मोकळी सोडली. मी माझ्या सवयीप्रमाणे उशिरा ब्रेक मारला, सरकत गेले आणि त्याला उचलून भिंतीवर घातलं. त्याची शर्यत तिथेच संपली.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिव्यांची मला सवय होती. त्याने दोन ओळी लिहिल्या. तुझं रेटिंग बघून मी जागा सोडली होती. वाटलं होतं, हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मी हेडफोन काढून ठेवला. मला माझी शिसारी आली. त्या माणसाने मला जागा दिलीच नव्हती. ती त्याने उसाच्या ट्रॉल्या घेऊन घाटात तीस वर्षं मागे पुढे बघत चाललेल्या एका माणसाला दिली होती, आणि तिथे त्याला मी भेटले. मला तोवर वाटायचं की वेग म्हणजे छाती. इतक्या वेगात दोन अनोळखी माणसं वीतभर अंतरावर राहतात ती कशाच्या आधारावर, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. ती या एवढ्याशा आकड्यावर राहतात. तो खोटा निघाला तर उद्या कोणी कोणाला जागा देणार नाही.

त्याच संध्याकाळी मी निळ्या गाडीवाल्याला, शर्यती चालवणाऱ्या संस्थेला आणि कॅप्टनला लिहिलं. काही लपवलं नाही. कोणत्या तारखांच्या शर्यती माझ्या वडिलांनी चालवल्या तेही दिलं. मग बाहेर आले. आप्पा अंगणात पाणी मारत होते.

"सांगितलं मी."

"बरं," ते म्हणाले, आणि पाणी मारत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवली का?"

संस्थेचा निर्णय आठवड्यात आला. सहा आठवडे बंदी आणि मग रेटिंग पुसून अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात. दोन दिवसांनी कॅप्टनचा मेसेज आला की जागा दुसऱ्याला दिली आहे. खाली आणखी एक ओळ होती. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग, त्यांच्या शेजारी मी सहा तास काय, सहा दिवस गाडी चालवली असती. तो नमस्कार मी आप्पांना सांगितला आणि आत जाऊन खूप रडले. जागा गेल्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू.

जूनमधली ती शर्यत मी बघणार नव्हते. आप्पांनीच लावायला लावली. मी जळत बघायला बसले, माझ्या जागेवरचा पोरगा कधी चुकतो याची वाट बघत. तो चुकला नाही. दुसऱ्या तासात त्याची गाडी आणि एक लाल गाडी एका वळणात शेजारी शेजारी शिरल्या, तशाच दुसऱ्या वळणात, तशाच तिसऱ्यात, मध्ये हात शिरेल एवढीच जागा. एकाचा श्वास चुकला असता तर दोघं गेले असते. या मुलाला मी पाण्यात बघत होते आणि आता मनात म्हणत होते, जप रे बाबा. आप्पा पुढे सरकून बसले होते.

"बघ," ते हळूच म्हणाले, "दोघांला बी ठावं हाय दुसरा काय करणार त्ये."

बंदी उठल्यावर मी तळाशी बसले, जिथे नवीन पोरं येऊन एकमेकांना धडाधड ठोकतात. माझी पहिली शर्यत आठ दोषांची, दुसरी सहाची, तिसरीत पुन्हा डोकं फिरलं आणि बारा. आप्पा काही शिकवायचे नाहीत. शिकवलं असतं तर मी भांडले असते, हे त्यांना माहीत होतं. मी आपली त्यांचे जुने रिप्ले लावून बघायची, कुठे पाय उचलला, किती आधी बाजू सोडली. कधी चार दोष, कधी पाच. श्रावण लागला तरी शून्य काही येईना.

मग एका रविवारी दुपारी एका हिरव्या गाडीने मला दुसऱ्या फेरीत ढकललं. थोडंसंच, दोष लागण्याइतकं नाही, पण मी सहा नंबर मागे गेले. शेवटच्या फेरीत तोच माझ्या पुढे होता, त्याचे टायर गेलेले, शेपूट हलत होतं. शेवटच्या वळणावर मी नुसती जागेवर राहिले असते तरी तो माझ्यावर येऊन फिरला असता आणि चूक त्याचीच दिसली असती. माझे कान तापले होते. मी पाय उचलला. तो फिरता फिरता सावरला आणि माझ्या पुढे नवव्या नंबरवर आला. मी दहावी.

स्क्रीनवर बेरीज आली. शून्य. मी ती बघत किती वेळ बसले होते कोण जाणे. राग शोधून सापडत नव्हता.

आप्पा रानातून आले, दारात पाय धुतले आणि आत येऊन स्क्रीनकडे बघू लागले. शून्य त्यांना वाचता येतं.

"ह्यो कुनाचा?"

"मपला, आप्पा."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आगं, इकडं ये! पोरीनं शून्य आनलाय!"

आई पिठाच्या हातांनी आली. "शाळंत आनला आस्ता तर तंगडं मोडलं आस्तं तुमी," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

आप्पांनी फोन काढला आणि त्यांच्या ट्रॅक्टरवरच्या जोडीदाराला लावला. कोणाला आनंदाची बातमी द्यायला त्यांना मी कधी फोन करताना बघितलं नव्हतं. "आरं ऐक की बे, पोरीला शून्य पडला," ते म्हणाले. पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं. "न्हाई, न्हाई. मी न्हाई चालवली. मी घरात बी नव्हतो, रानात गेलतो. तिनं सोता चालवली."